मास्तरांचा चिमटा

अग्निशमन केंद्रात त्याला सगळे शंकासुर म्हणतात. जेवणाचा डबा तो हुंगल्याशिवाय उघडत नाही आणि सही करायचा कागद मागच्या बाजूनेही बघतो. वय एक्कावन्न. त्यातली सव्वीस वर्षं आगीत शिरणाऱ्या तुकडीत गेली.

यंदा नवा नियम आला. अंगातली चरबी अठ्ठावीस टक्क्यांच्या वर गेली की तुकडीतून बाहेर आणि टेलिफोनच्या टेबलावर. "टेलिफोनला हाच बरा," असं नवे साहेब कुणाजवळ तरी बोलल्याचं त्याच्या कानावर आलं. तेव्हापासून त्याने साहेबांच्या खोलीतला चहा बंद केला.

तपासणीच्या सकाळी त्याने जवानांचा जुना उपाय केला. वजन घ्यायचं असलं की सगळे हेच करतात: आगीत घालायचा जाड पोशाख चढवून मैदानाला दहा फेऱ्या, आणि पाण्याचा थेंब नाही. दीड किलो उतरलं. मग तो अनवाणी नव्या यंत्रावर चढला आणि त्याने दोन्ही मुठींत दांडे धरले. आकडा आला एकतीस पूर्णांक चार.

"साहेब, वजन उतरलं आणि चरबी चढली? हे कसं काय?"

"यंत्र सांगतंय. मी नाही."

"यंत्राला कुणी सांगितलं, ते विचारतोय."

साहेबांनी आकडा लिहून घेतला आणि म्हणाले, "हॉस्पिटलात स्कॅन करून घ्या. आठ दिवस आहेत. ते सांगतील ते शेवटचं."

तो तिथून थेट मास्तरांकडे गेला. मास्तर म्हणजे केंद्रातले कवायत शिकवणारे, वीस वर्षांचे मित्र. तुकडीच्या पाठीवरचे हवेचे सिलिंडर रोज सकाळी तेच तपासतात. शंकासुर जगात एकाच माणसाचा शब्द न तपासता घेतो, तो मास्तरांचा. कातडीची घडी मोजायचा एक चिमटा त्यांच्या कपाटात होता. त्यांनी छाती, पोट, मांडी मोजली आणि तक्त्यावरून बोट फिरवलं.

"चोवीस! अरे, नवरदेव आहेस तू."

घरी बायकोने ऐकून घेतलं. "चोवीस? मग परवा मी पँटचं बटण सरकवून दिलं, ते कुणाचं?"

"तूही साहेबांच्या बाजूची का?"

"मी बटणाच्या बाजूची."

स्कॅनच्या खोलीत तो टेबलावर आडवा झाला. यंत्राचा दांडा डोक्यापासून पायांपर्यंत सावकाश सरकला. तपासणाऱ्या बाईंना त्याने सगळी हकिगत सांगितली, साहेबांच्या डावासकट.

"घाम गाळून गेला होतात?" बाईंनी विचारलं.

"नेहमीच जातो."

"मग झालं. ते यंत्र चरबी बघत नाही, अंगातून बारीकशी वीज सोडतं. अंगात पाणी असलं की ती सहज जाते. पाणी आटलं की अडते, आणि यंत्र ते चरबीच्या खात्यात टाकतं. तुमचे साहेब नाही, तुम्हीच वाढवलीत."

तो टेबलावर उठून बसला. मग म्हणाला, "आणि चिमटा?"

"धरणाऱ्याच्या हातावर आहे. घडी अर्धवट धरली की माणूस बारीक."

"आणि हे तुमचं?"

"हेही एक-दोन टक्के इकडेतिकडे होतं. पण याची तुमच्याशी ओळख नाही."

कागदावर आलं सत्तावीस पूर्णांक सहा. त्याने मागची बाजू बघितली. कोरी होती. साहेबांनी तो कागद फाइलला लावला, "अभिनंदन," म्हणाले, आणि पुढचं नाव पुकारलं. त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

त्या दुपारी त्याने मास्तरांना गाठलं.

"मास्तर, घडी पुरी धरली होती का?"

"राहिलास ना तुकडीत? मग कशाला उकरतोस?"

"चोवीस आलेच कसे?"

"अरे, तोंड बघवत नव्हतं तुझं. धरली जरा अर्धवट. आपल्या माणसासाठी एवढंही नाही करायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सिलिंडर ओळीत उभे होते. प्रत्येकावर मास्तरांची खडूची खूण. इतकी वर्षं ती खूण दिसली की तो सिलिंडर उचलून पाठीवर घ्यायचा. आज तो खाली वाकला, झडप उघडली आणि दाबाचा काटा पाहिला. भरलेला होता. त्याने झडप बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा पाहिलं.

"भरलाय रे," मास्तर मागून म्हणाले.

"दिसतंय," शंकासुर म्हणाला, आणि त्याने शेजारच्या जवानाच्या सिलिंडरला हात घातला.