एका घरापुरती जागा: चंद्रपूर ते सिरोंचा, भर मे महिन्यात

मे महिन्यात गडचिरोलीला निघालो म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी आमच्याकडे असं पाहिलं, जसं काही आम्हाला तिकडे बदलीच झालीय. पण सुनंदाचा फोन आला होता. सुनंदा माझी नागपूरच्या होस्टेलमधली मैत्रीण. नर्स म्हणून आलापल्लीकडे गेली आणि निवृत्तीनंतरही तिथेच घर बांधून राहिली. म्हणाली, "आमच्याकडच्या एका गावात बियाण्याचा सण आहे, बिजा पंडुम. त्याआधी गावाची बैठकही आहे. दरवेळी पुढच्या वर्षी म्हणतेस, या वेळी ये."

गाडी श्रीकांतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, त्यामुळे तोही आला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक बंधाऱ्यावर मत देणार हे गृहीत होतं. पण या वेळी विषय निराळाच निघाला. आमचा अनिकेत आयर्लंडमध्ये आहे. तो तिथे भाड्याचं घर शोधतोय आणि मिळत नाहीये. घरं कमी आहेत आणि बाहेरच्यांना तर आणखी कमी आहेत. तिथले लोक मोर्चे काढतायत, आमच्याकडे आता जागा नाही म्हणतायत. श्रीकांत अमरावतीचं घर सोडल्यापासून त्या लोकांवर चिडला होता. "आमची पोरं चालतात, काम चालतं, टॅक्स चालतो, मग राहायला जागा का नाही?"

आता हाच माणूस रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळात काय बोलतो, ते मी ऐकलेलं आहे. "हा देश काय धर्मशाळा आहे का, कोणीही यावं आणि राहावं?" हिंगणघाटला चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, "यातलं नक्की कुठलं खरं धरायचं?" तो म्हणाला, "ते दोन वेगळे विषय आहेत." आणि चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार करायला उठला.

वरोरा, भद्रावती करत दुपारी चंद्रपूर. उन्हाबद्दल मी काही लिहीत नाही, जाऊन बघा. बस स्टँडजवळ हजाराच्या आत बरी खोली मिळते, फक्त कूलर चालू करून दाखवा म्हणायचं आणि मगच पैसे द्यायचे. सगळे ताडोबाला जातात, आम्ही गेलो नाही. सकाळी तर्री-पोहे खाल्ले (तर्री वेगळी मागा, नाहीतर माझ्यासारखं पहिल्या घासाला नाक पुसत बसाल), टाकी फुल केली आणि ऊन तापायच्या आत बल्लारपूर सोडलं. कोळशाचे ट्रक मागे पडले की रस्ता मोकळा होतो. गोंडपिपरीला चहा घ्या, पुढे आष्टीला वैनगंगेचा पूल लागतो. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. नदीत या दिवसांत पाण्यापेक्षा वाळू जास्त असते. श्रीकांतने तिथे गाडी थांबवून मला नदीपात्राबद्दल व्याख्यान दिलं, ते तुम्हाला देत नाही.

लगामवरून मुलचेऱ्याकडे मुद्दाम वळलो, कारण सुनंदाने सांगितलं होतं की मासे खायचे तर बंगाली लोकांच्या हातचे. या भागात बंगाली वस्तीची गावंच्या गावं आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांना सरकारने इथे वसवलं, जंगल तोडून शेतं दिली. छोट्याशा हॉटेलात मोहरीच्या रश्श्यातली रोहू आणि गरम भात, दोघांचं पोटभर झालं. हॉटेलवाला साठीचा, मराठी बोलताना मध्येच हिंदीत घसरणारा. आजोबा पत्र्याची ट्रंक घेऊन आले होते, म्हणाला. तेव्हा इथे अस्वलं दारात यायची.

श्रीकांतने लगेच नाडी तपासली. "म्हणजे आणखी लोक आले तर तुम्ही सामावून घ्याल?"

"ना ना साहेब," तो हात झटकत म्हणाला. "अब कहाँ जगह? हमारेच पोरांले जमीन पुरून नाई राह्यली."

श्रीकांतने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी काटे काढत बसले. खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा राग आला नाही. शेताचे वाटे पडत पडत एवढंसं उरलं होतं, ते त्याच्या घरामागेच दिसत होतं.

संध्याकाळी आलापल्ली. दोन्ही बाजूंना उंच साग, आणि सागाला या दिवसांत पान नाही, त्यामुळे सावलीची अपेक्षा ठेवू नका. सुनंदाच्या अंगणात खाटा टाकून झोपलो.

तिसऱ्या दिवशी त्या गावी गेलो. नाव लिहीत नाही. कोणी उगाच कॅमेरे घेऊन तिथे थडकू नये एवढंच. भामरागडच्या दिशेचा रस्ता, फोनला रेंज नाही, आणि ओळखीच्या माणसाशिवाय जाऊ नका. माडिया लोकांचं गाव आहे. सकाळी सगळे तेंदूपत्ता तोडायला जंगलात, म्हणून बैठक दुपार कलल्यावर मोहाच्या झाडाखाली भरली. बोलणं माडियात चालायचं, सुनंदा हळू आवाजात सांगायची. आमच्यासाठी कोणी कोणी मराठीतही बोलत होतं.

प्रश्न एका घराचा होता. सुक्कू आणि बुधरी हे जोडपं तीन मुलांना घेऊन इंद्रावतीपलीकडून, छत्तीसगडातून आलेलं. त्यांचं तिकडचं गाव उठलं. का उठलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. गेले काही पावसाळे ते गावाच्या कडेला राखणीच्या खोपटात राहून दुसऱ्यांच्या शेतात राबत होते. आता त्यांना गावात राहायचं होतं, गावकरी म्हणून.

आणि इथे गावकरी होण्याची रीत अशी. पेरणीआधी या सणाला प्रत्येक घर पानाच्या दोन्यातून मूठभर बियाणं आणतं, धान, मका, कोसरीसारखं भरडधान्य, जे पेरायचं ते. पेरमा, म्हणजे गावचा पुजारी, ते सगळं एकत्र करतो, पूजा होते आणि त्यातलंच थोडं थोडं प्रत्येक घराला परत मिळतं. ते मिळाल्याशिवाय कोणी पेरत नाही. ज्या घराचं बी त्या राशीत पडलं, ते घर गावाचं. मग घराला जागा मिळते, जंगलात वाटा मिळतो. नाही पडलं, तर पावसाआधी निघायचं.

बैठकीत दोन्हीकडून बोलणं झालं. कोणी म्हणालं, मे महिन्यात पाण्यासाठी बोअरिंगला आत्ताच रांग लागते. कोणी म्हणालं, मोहाची झाडं घराघरांत वाटलेली आहेत, नव्या घराला कुठली देणार? अंगणवाडीच्या ताईने वेगळाच मुद्दा काढला. शाळेत पोरं कमी झाली तर शाळा बंद करतील, आणि आपली लहान लेकरं दूरच्या गावी चालत जातील. बुधरीची तिन्ही मुलं शाळेच्या वयाची होती. हळूहळू माना हलायला लागल्या.

एकच माणूस हलला नाही. रैनूभाऊ. सत्तरीचा, बारीक अंगाचा, खांद्यावर टॉवेल. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. सगळ्यांचं एक झाल्याशिवाय इथे ठरत नाही.

श्रीकांतला राहवलं नाही. पाहुण्यांनाही बोलू देतात म्हटल्यावर तो उभाच राहिला. "हात वर करून मोजा की. बहुमत तर दिसतंयच."

पेरमा हसला. "मोजून काय करता जी? मंग हे याच्या घरापुढून पाणी आणाले जातीन अन् हा दार लावून घेईन."

"पण मग एक माणूस सगळ्या गावाला अडवून धरू शकतो," श्रीकांत म्हणाला.

"धरते ना," पेरमा शांतपणे म्हणाला. "धरूनच राह्यला."

तेव्हा रैनूभाऊ बोलला. मराठीत, बहुतेक मुद्दाम श्रीकांतला समजावं म्हणून. "जागा नाई असं मी कुठी म्हणलो? जागा आहे. पण रिकामी नाई ना. माह्या दोन पोरांची आहे ते. मिरची तोडाले गेले तेलंगणात, तिकडंच बोअर खोदाच्या गाडीवर लागले. येतीन. आल्यावर त्याइले काय सांगू, तुमच्या जागी दुसरा बसला म्हणून?"

दोन वर्षांत पोरं आली नव्हती, हे सुनंदाने मला कानात सांगितलं. फोनही क्वचित. मी श्रीकांतकडे पाहिलं. तो खाली बसला होता आणि चपलेच्या पट्ट्याशी खेळत होता.

मग कोणीतरी तोड काढली. पोरं येईपर्यंत यांना राहू द्या, पोरं आली की यांनी जावं. रैनूभाऊने मान डोलावली. मला वाटलं, सुटलं बुवा. तर मागून बुधरी उठली. तोवर ती एक अक्षर बोलली नव्हती. माडियात काहीतरी म्हणाली आणि लगेच बसली. सुनंदाने सांगितलं: "एकदा गाव सोडलं, ते पुरे झालं. जायचंच असेल तर आत्ताच जातो. भिंती लिंपून मग त्या मोडायला मी राहणार नाही."

मला तिचा धाकच वाटला. पदरात तीन पोरं, पावसाळा तोंडावर, आणि तरी अर्धं दार नको म्हणते. शहाणपण की हट्ट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बैठक काही न ठरताच उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी सण. घरोघरचे दोने आले, बियाणं राशीत पडलं. बुधरीचा दोना मात्र थोडा दूर जमिनीवर ठेवलेला. या गावची आणखी एक रीत आहे, इतर गावांत मी ऐकली नाही असं सुनंदा म्हणाली. नव्या घराचं बी आत आणायचं ते ज्याचा सगळ्यात जास्त विरोध होता त्याने. दुसऱ्या कोणी आणलेलं चालत नाही. आणि दोना ठेवलेला असेपर्यंत पेरमा बी वाटत नाही. म्हणजे बुधरीने तो उचलून न्यावा किंवा रैनूभाऊने आत आणावा. दोघंही हलेनात. ढोल थांबले. पोरं कंटाळून खेळायला गेली. रैनूभाऊ बराच वेळ त्या दोन्याकडे बघत बसला, मग टॉवेल झटकून घरी निघून गेला. रास तशीच झाकून ठेवली. कोणी त्याला हाक मारली नाही, कोणी बुधरीलाही बोललं नाही. आम्हाला निघायचं होतं, निघालो.

सिरोंचाचा रस्ता लांब आणि जागोजागी उखडलेला, दिवसाउजेडी पोचा. तिथे दुकानाच्या पाट्यांवर तेलुगू, चहावाल्याच्या तोंडी तेलुगू, मराठी बोललात तर तो मराठीत उत्तर देतो. गोदावरीवरच्या पुलाने लोक पलीकडे तेलंगणात दवाखान्याला, लग्नाला, बाजाराला जातात नि परत येतात. वीस पावलं चाललं की तेलंगणातला चहा, असं मात्र समजू नका बरं का, नदी चांगली रुंद आहे. घाटाच्या पायऱ्यांवर बसून श्रीकांत पलीकडे बघत राहिला.

"कुठे असतील गं त्याची पोरं?" त्याने विचारलं.

"कोण जाणे."

"बोअरची गाडी म्हणजे आज या गावात, उद्या त्या. झोपत कुठे असतील?" मग माझ्याकडे वळून, "रैनूभाऊचं चूक नाहीये. आणि ती बाईही चूक नाही. मग करायचं काय?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने मला असा प्रश्न विचारल्याचं आठवत नाही. पाणी, झाडं, घरं, शाळेतले बाक, सगळ्यालाच कुठेतरी शेवट असतो, हे मला कळतं. आणि उठलेल्या गावातली माणसं कुठेतरी बसणारच, हेही कळतं. एका गावाला एका घराचं ठरवायला एवढं जड जातं, तर अख्ख्या देशाचं आम्ही सकाळी फिरता फिरता ठरवून टाकतो, याची मात्र मला आता लाज वाटते.

अमरावतीला परतलो. गाडीतून लाल धूळ झाडली, कपडे धुतले. श्रीकांत सकाळी फिरायला जाऊ लागला, पण सुनंदाचा फोन आला का हे रोज विचारायचा. गावाची पेरणी अडली होती. ढग यायला लागले तरी रास झाकलेलीच, असं तिने एकदा कळवलं. दुसऱ्यांदा म्हणाली, बुधरीने भांडी बांधली आहेत.

मग एका दुपारी तिचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. रैनूभाऊ सकाळी उठून सरळ गेला, दोना उचलला आणि राशीत ओतला. कोणी काही विचारलं नव्हतं. ओतून झाल्यावर स्वतःच म्हणाला, "माह्या पोराइले तिकडं कोणीतरी ठेवलंच असन ना."

श्रीकांतने तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग तो उठून गॅलरीत गेला आणि अनिकेतला फोन लावला. एरवी त्यांचं बोलणं म्हणजे पगार, व्हिसा आणि हवा. मला आतून ऐकू येत होतं.

"घर मिळालं का?... नाही? मग राहतोस कुठे?... एका बाईंनी घरात खोली दिलीय? बरं. किती दिवस झाले?... मला सांगितलं का नाहीस? असू दे. मला एक सांग, तुला ठेवून घेणाऱ्या त्या बाईंचं नाव काय?"

तिकडून अनिकेतने नाव सांगितलं असावं. श्रीकांतने ते दोनदा चुकीचं म्हटलं, तिसऱ्यांदा नीट म्हटलं.