साहेबांनी बदललेला कर्नेल

तो सूड घेतल्यावर लागली तशी झोप मला पुन्हा कधी लागली नाही. बायकोला हे वाक्य आवडत नाही. पण खरं आहे.

नव्वदच्या दशकात बहरीनमधल्या एका व्यापारी कंपनीत मी युनिक्सचं मोठं मशीन, म्हणजे कंपनीचा मुख्य कॉम्प्युटर, सांभाळायचो. माझ्यावर एक पुणेकर साहेब होते. एका सुट्टीत, मला न विचारता, त्यांनी मशीनचा कर्नेल, म्हणजे सगळा कारभार हाकणारा मूळ प्रोग्रॅम, काढून नवा चढवला. शनिवारपासून मशीन भर कामात झोपायला, म्हणजे अचानक बंद पडायला लागलं.

झोपताना मशीन आपल्या मेमरीची प्रत डिस्कवर ठेवून जातं. ती वाचून खुनी कोण ते सांगणारं एक टूल आमच्याकडे होतं. नव्या कर्नेलवर तेच बरळायला लागलं; प्रोग्रॅमच्या नावांच्या जागी नुसती अगम्य चिन्हं. साक्षीदाराचीच वाचा गेल्यावर साहेबांना जोर चढला. आमच्या बहरीनी मॅनेजरला त्यांनी खुशाल सांगितलं की दोष माझ्या छपाईच्या प्रोग्रॅमचा आहे. मॅनेजरनं दोष निघेपर्यंत माझी रजा अडवली. रत्नागिरीला बहिणीचं लग्न तोंडावर, आणि माझा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत.

जिन्यात साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, लग्नाची कॅसेट येईलच की. बघ इथेच टीव्हीवर."

हा माणूस आता वाचत नाही, असं मी तिथेच ठरवलं.

शुक्रवारी नमाजहून थेट मशीनरूम गाठली. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची कर्नेलमध्ये एक नोंद असते. नव्या कर्नेलनं त्या नोंदीत मध्येच एक रकाना वाढवला होता, आणि टूल जुन्याच मापानं वाचत होतं. माप दुरुस्त करून टूल पुन्हा कंपाइल केलं. तरी बरळणं चालूच. मग लक्षात आलं, साहेब जुनं काही टाकणाऱ्यांतले नव्हेत. परत फिरता यावं म्हणून त्यांनी जुना कर्नेल नेहमीच्या नावानं जागेवरच ठेवला होता आणि नवा दुसऱ्याच नावानं चालवला होता. मेमरीत काय कुठे आहे ते टूल बिचारं जुन्यालाच विचारत होतं. गुदैबियातून जुफैरला गेलेल्या भाडेकरूची चौकशी जुन्या फ्लॅटवर करावी तसं. त्याला नव्या कर्नेलची फाइल दाखवली, आणि साक्षीदार घडाघडा बोलला. मी एकट्यानंच मशीनरूममध्ये टाळ्या वाजवल्या.

शनिवारी मॅनेजरसमोर साहेबांना अदबीनं खुर्ची दिली. "साहेब, माझा चष्मा घरी राहिला. तुम्हीच वाचा ना." मला तेव्हा चष्मा नव्हताच.

स्क्रीनवर मशीन झोपलं त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांची, म्हणजे प्रोग्रॅमच्या तुकड्यांची, नावं होती. स्वतः लिहिलेल्या प्रत्येक फंक्शनच्या आधी आपल्या धाकट्या लेकीचं लाडाचं नाव लावायची साहेबांना हौस होती. सगळ्या ऑफिसला ते कौतुकानं सांगून झालं होतं. पहिल्या ओळीत लेक, दुसरीत लेक, तिसरीतही लेकच. नव्या कर्नेलमध्ये हळूच घुसवलेला टेपचा ड्रायव्हर, म्हणजे बॅकअपची टेप चालवणारा प्रोग्रॅम, त्यांचा स्वतःचाच निघाला. साहेबांचा आवाज खाली गेला.

"जोर से," मॅनेजर म्हणाला.

साहेबांनी पुन्हा लेकीला हाका मारल्या.

मॅनेजरनं तिजोरीची किल्ली मागवली. "खलास. तुम शादी में जाओ." मग साहेबांकडे वळून, "ये आने तक तुम इधर बैठो." साहेबांची पुण्याची तिकिटं त्याच आठवड्याची होती.

विमानतळावर जाताना टॅक्सी मुद्दाम ऑफिसकडे वळवली. मशीनरूमच्या थंडीत साहेब स्वेटर घालून बसले होते. गावाहून काय आणू, असं विचारलं. काही नको, म्हणाले, फक्त मशीन अडलं तर म्हणून गावचा फोन नंबर देऊन जा.

"आमच्याकडे कुठला फोन, साहेब," मी म्हटलं.

फोन होता. लग्नघरात दिवसभर वाजायचा, आणि मी धावत जाऊन उचलायचो.