क्लार्टीमायरची मालकीण

ऑर्डी पॅरिशमध्ये, म्हणजे ऑर्डीच्या चर्चच्या हद्दीत, शेतकऱ्याला आईबापांनी ठेवलेल्या नावानं हाक मारणारा माणूस नक्की परगावचा. गावकऱ्यांच्या तोंडी ज्याच्या त्याच्या शेताचंच नाव. म्हणून डॉड मर्ची हा देखणा, कामसू, फिडल वाजवणारा गडी सगळ्यांसाठी ‘क्लार्टीमायर’ होता. क्लार्टीमायर म्हणजे सरळसरळ चिखलराडा. शिवणकाम करणाऱ्या मिना रेनीचं घोडं नेमकं इथंच पेंड खात होतं.

मिना भलती टापटिपीची. डॉडवर तिचा जीव इतका जडला होता, की त्याची गाडी दिसली की सुई बोटात घुसायची. पण लग्नानंतर चर्चमध्ये, बाजारात सगळे ‘आली बघा चिखलराड्याची बाई’ म्हणणार, या विचारानं तिला घाम फुटे. शेवटी तिनं अट घातली: शेताचं नाव बदल, मगच लग्न.

डॉडनं हसत हसत फाटकावर पाटी ठोकली, ‘रोझमाउंट’. आत गुलाबाचं एक झुडूप नाही, उंचवटा म्हणावा तर शेणखताचा. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! गाव पाटीपुढं पोट धरून हसलं आणि क्लार्टीमायरच म्हणत राहिलं.

लग्नाच्या दिवशी डॉडचं धान्याचं कोठार पाहुण्यांनी फुललं. मटणाचा रस्सा रटरटत होता, व्हिस्की फिरत होती. पत्ता नव्हता तो पाद्रीबुवांचा. ऑर्डीचे पाद्री आजारी, म्हणून शेजारच्या पॅरिशचे येणार होते, आणि मिनानं त्यांना मोठ्या तोऱ्यात कळवलं होतं: रोझमाउंटला या.

दुपार कलली. खालच्या रस्त्यानं एक घोडागाडी कधीची येरझारा घालतेय, असं कुणीतरी सांगत आलं. मिना झगा सावरत धावली आणि शेताच्या कडेच्या ‘म्हातारीच्या धोंड्या’वर चढली. खाली पाद्रीबुवा खडी फोडणाऱ्या वॅटीकडं चौकशी करत होते आणि वॅटी मान हलवत होता. त्याला ठाऊक सगळं होतं. पण कालपरवाच्या पाटीला ओळख दाखवायची नाही, हा त्याचा बाणा.

“वॅटीकाका, त्यांना इकडं पाठवा!”

“इकडं म्हणजे कुठं, पोरी? ते कुठलंसं रोझमाउंट शोधतायत.”

मिनानं मागं पाहिलं. डॉड कोठाराच्या दारात उभा होता. आज तो हसत नव्हता. चेहरा पार उतरला होता. तिला एकदम स्वतःचाच राग आला आणि त्याची अतोनात माया आली.

“क्लार्टीमायर!” ती बेंबीच्या देठापासून ओरडली.

“आणि तू कोण?” वॅटी काही सोडेना.

“क्लार्टीमायरची मालकीण! डॉडची बायको!”

“आणि मी तिचा नवरा!” दारातून डॉड गरजला.

कोठारात एकच गलका उडाला. त्या काळी तिकडं साक्षीदारांपुढं दोघांनी एकमेकांना नवराबायको म्हटलं, की कायद्यानं लग्न लागलंच. मिनानं आनंदाच्या भरात धोंड्यावरून उडी मारली ती थेट चिखलात, पांढऱ्या बुटांसकट. हसता हसता तिला उठवेना. पाद्रीबुवा पोहोचले तेव्हा नवरी कमरेपर्यंत बरबटलेली आणि पाहुणे नाचायला लागलेले. पाद्री फक्त रश्श्यासाठी आला होता, असं डॉड पुढं जन्मभर सांगायचा.

दुसऱ्या दिवशी मिनानं ती पाटी उखडून डुकरांच्या खोपटावर ठोकली. आणि पुढं चर्चमध्ये एखाद्या परक्यानं ‘मिसेस मर्ची’ अशी हाक मारली, की कुणाला बोलावतायत म्हणून मिनाच मागं वळून बघायची.