आईला न लागणारी खाजकुयली

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. आमच्या सुरगाण्याकडच्या पाड्यावर पावसाळा सरला की खाजकुयलीच्या शेंगा वाळायच्या. बिया औषधासाठी विकल्या जायच्या. पण शेंगेवरची सोनेरी कुसळं अंगाला लागली की माणूस स्वतःला ओरबाडून काढतो, म्हणून बायका दव असतानाच फडकी गुंडाळून तोडायला जायच्या. तरी दुपारी निम्मा पाडा अंगाला शेण चोळत बसलेला असायचा.

माझी आई मात्र डाव्या, उघड्या हाताने शेंगा तोडायची. त्या हाताला काही व्हायचं नाही. देवीनं हिचा हात राखलाय, असं लोक म्हणू लागले. मग काय, शेजारच्या पाड्यांवरूनही बोलावणी यायची आणि मी शाळेत मिरवायचे.

संध्याकाळी ती नागलीची भाकरी थापायला बसली की विस्तवाच्या उजेडात तिच्या कोपराखाली राहिलेली कुसळं उभी दिसायची. नुसतं बघून माझ्या मानेला खाज सुटायची. मी खाजवत राहायचे आणि ती शांत. तेव्हा मला तिची भीती वाटायची.

एकदा तोच हात तापल्या तव्याला टेकला. कातडी जळल्याचा वास आधी मला आला. मी ओढला म्हणून हात निघाला.

मामानं आम्हाला जीपमधून नाशिकला नेलं. डॉक्टरांनी आईला डोळे मिटायला लावले आणि कापूस कुठे लागतोय ते सांगायला सांगितलं. कोपराखालच्या फिकट चट्ट्यावरून पार बोटांपर्यंत कापूस फिरत होता आणि आई आपली तो कधी लागतोय याची वाट बघत बसली होती. कुष्ठरोग होता. डॉक्टर म्हणाले, कुसळ टोचलं की कातडीतले बारीक मज्जातंतू पाठीच्या कण्यातून मेंदूला कळवतात, आणि खाज खरी तयार होते ती मेंदूत. तंतूच मेले तर कळवणार कोण? म्हणजे देवीनं राखलेला हात आतून कुरतडला जात होता आणि आम्ही त्याचं कौतुक करत होतो. मला अजून राग येतो, कुणावर ते सांगता येत नाही.

औषधांनी रोग गेला, बोटं वाचली. चट्ट्यावर पुन्हा कळू लागेल का, यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, बघू. आईनं ते मनावर घेतलं. दर वर्षी शेंगा वाळल्या की ती डोळे मिटून माझ्यापुढे हात धरायची, मी चट्ट्यावर थोडी कुसळं टाकायचे. "नाय," म्हणायची, आणि हात धुऊन कामाला लागायची. पुढे मला नाशिकला नोकरी लागली, तरी त्या दिवसांत मी घरी जायचेच.

अशाच एका वर्षी मी तिच्यासमोर बसून बोटांना फडकं गुंडाळत होते. आईचे डोळे मिटलेले होते. एकाएकी तिचा उजवा हात चट्ट्यावर गेला आणि खाजवू लागला.

"खाजतंय गं," ती म्हणाली. मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "लय खाजतंय. टाकलीस ना तू?"

शेंगा टोपलीत होत्या. मी एकीलाही हात लावला नव्हता. माझ्या मानेला खाज सुटली.

"हो," मी म्हटलं, आणि टोपली पायानं हळूच मागे सारली.