बारा राशी आणि एक समुद्र

किनाऱ्यावर राहणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. भरतीत आपली एक चप्पल जाते आणि ओहोटीला भलत्याच दोन येऊन पडतात. किश्श्यांचंही तसंच आहे. डहाणूच्या आमच्या चिमुकल्या दैनिकात मी आयुष्यभर बातम्या लिहिल्या. भ्रष्टाचार काढला, रस्ते काढले, नळाचं पाणी काढलं. त्यातलं आज कुणाला काही आठवत नाही. मित्र जमले की मात्र म्हणतात, "ते समुद्राचं सांग."

मला राग येतो. पण सांगतो.

*

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. जिल्हा अजून ठाण्याचाच होता. आमच्याकडे हवामानाचं एक सरकारी पत्रक यायचं. त्यात एकच वाक्य कायम असायचं: 'उत्तर कोकणात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता.'

मी हवामान खात्याला फोन लावला. म्हटलं, तुरळक म्हणजे कोण? डहाणू की घोलवड? आमच्या चिंचणीच्या बायका बोंबील वाळत घालतात, त्यांनी काय समजायचं? आमच्या किनाऱ्यावर वापीहून माणसं येतात, त्यांनी पाण्यात उतरायचं की भेळ खाऊन परत जायचं?

पलीकडचे साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही समुद्राजवळच राहता ना? मग बघून घ्या की."

मला अपमान वाटला. मी तडक संपादकांच्या केबिनमध्ये गेलो. आमचे संपादक आणि मालक एकच, नाईकसाहेब. त्यांना म्हटलं, उद्यापासून पान एकवर माझी चौकट. नाव 'आजचा समुद्र'. भरती-ओहोटीची वेळ, वारा, पाऊस आणि लाटा. मी स्वतः बघून लिहिणार.

नाईकसाहेब म्हणाले, "लिहा. पण लोक हसले तर त्या जागी राशिभविष्य टाकीन."

हे वाक्य पुढं कित्येक वर्षं माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं.

*

लोक हसायला फार दिवस लागले नाहीत, आणि त्यात माझी काडीची चूक नव्हती.

आमचे कंपोझिटर हरेशभाई. हातानं अक्षरांचा एकेक शिशाचा खिळा जुळवायचे. समुद्रासाठी रोज नवे खिळे कोण जुळवणार? म्हणून त्यांनी तीन ओळी जुळवून सुतळीनं बांधूनच ठेवल्या होत्या. समुद्र शांत, समुद्र मध्यम, समुद्र खवळलेला. मी आत जाऊन नुसतं "मध्यम" म्हणायचं, की ते ती गठडी उचलून चौकटीत बसवायचे.

एक दिवस 'मध्यम' हातातून फरशीवर पडला. 'ध्य'चा खिळा मोडला.

"नवा वापीहून येणार," हरेशभाई म्हणाले. "तोपर्यंत शांत नाय तर खवळलेला, काय ते एक बोला."

म्हटलं, अहो, समुद्र मध्यम आहे!

"असेल. आपल्याकडे नाय."

खिळा काही लवकर आला नाही. त्या काळात आमच्या तालुक्यातले सगळे अध्यक्ष 'प्रमुख' झाले आणि समुद्र एकतर झोपलेला नाहीतर पिसाळलेला. शंका आली की मी खवळलेला म्हणायचो. जबाबदारीचं काम होतं.

परिणाम असा, की चिखले गावच्या हेडमास्तरांनी शाळेची किनाऱ्यावरची सहल पुढं ढकलली, परत ढकलली. शेवटी वैतागून त्यांनी मुलांना ओळीनं वाळूवर नेलं. पाणी ताटात वाढल्यासारखं पडलेलं. त्यांनी एका मुलाच्या हातात आमचा पेपर दिला आणि समुद्राकडे तोंड करून चौकट मोठ्यानं वाचायला लावली.

"आता तरी ऐकतोय का बघू," हेडमास्तर म्हणाले.

हे सगळ्या गावात पसरलं. नाईकसाहेबांनी मला बोलावून फक्त एवढंच विचारलं, की तुमची रास कोणती.

*

लाटांची उंची हे दुसरं लफडं. पत्रकात मीटर असायचे. आमच्या वाचकाला मीटर कापडाच्या दुकानात कळतो, समुद्रात नाही. मी ठरवलं, गुडघाभर, कमरेइतक्या, छातीइतक्या असं लिहायचं.

त्यासाठी माणूस हवा. आमचा फोटोग्राफर चुरी बिचारा रोज सकाळी हाफपॅंट घालून पाण्यात उभा राहायचा. मी वाळूवरून ओरडायचो, "कुठपर्यंत?" तो हात लावून दाखवायचा. मी लिहायचो.

एका रविवारी कोसबाडचे एक सर बायको-मुलांना घेऊन, सायकली हाकत आले. चौकटीत होतं, कमरेइतक्या लाटा. सर पाण्यात उतरले. सर उंच होते. लाट गुडघ्याखाली संपली. सर तसेच ओल्या पायांनी आमच्या कचेरीत.

"कमरेइतक्या म्हणजे कुणाच्या?" त्यांनी विचारलं.

मी चुरीला हाक मारली. चुरी टेबलामागून उठला. तो उठलाय हे कळायला सरांना थोडा वेळ लागला.

सरांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत डोळ्यांनी मापलं. मग म्हणाले, "हे तुम्ही छापायला हवं होतं."

बरोबर होतं. दुसऱ्या दिवसापासून चौकटीत 'लाटा कमरेइतक्या (चुरीप्रमाणे)' असं येऊ लागलं. पारनाक्यावरचा पानवाला त्याला रोज विचारायचा, "काय चुरीशेठ, आज कुठपर्यंत?"

*

मग चुरीचं लग्न ठरलं आणि तो रजेवर गेला.

त्याच्या जागी मी जाहिरातवाल्या राऊतला उभं केलं. राऊत म्हणजे सुरूचं झाड. त्याचा गुडघा ही बऱ्याच जणांची कंबर. ऐन उधाणाच्या दिवशी त्यानं गुडघ्याला हात लावून दाखवला, मी गुडघाभर लिहिलं. कंसातलं 'चुरीप्रमाणे' मात्र हरेशभाईंनी तसंच ठेवलं, कारण ते सुतळीनं बांधलेलं होतं.

वापीच्या एका महिला मंडळानं ते वाचलं. चुरी त्यांना ओळखीचा होता, मंडळाच्या फोटोत त्यानं सगळ्यांना खाली बसायला लावलं होतं. त्या म्हणाल्या, त्याचा गुडघा म्हणजे काहीच नाही. साड्या किंचित उचलून आत गेल्या.

कुणाला काही झालं नाही. पण ओल्या साड्यांनी त्या आमच्या कचेरीच्या बाकांवर येऊन बसल्या आणि गाडीची वेळ होईपर्यंत हलल्या नाहीत. अध्यक्षीणबाई नाईकसाहेबांना म्हणाल्या, "मोटाभाई, तमे आवो. आमच्या बाजूला उभे राहा. तुमचा गुडघा कुठे येतो ते बघू."

त्या संध्याकाळी नाईकसाहेबांनी ज्योतिषाचा शोध सुरू केला.

*

तलासरीनं माझा खरा घात केला. तिथला आमचा पेपर विकणारा एजंट तक्रार घेऊन आला. म्हणाला, आमच्या गिऱ्हाईकाला समुद्राशी काय करायचंय? हायवे आहे, डोंगर आहे, शेती आहे. पान एकवर हे पाणी कशाला?

मी उसळलो. नकाशा काढून त्याच्यासमोर आपटला. म्हटलं, झाई गाव कुठल्या तालुक्यात येतं? तलासरीत. झाईला काय आहे? समुद्र! तलासरीला समुद्र नाही म्हणणाऱ्यानं आधी आपला तालुका बघून यावं.

तो म्हणाला, "ते खरं. पण झाईवाले पेपर घेत नाहीत. ते समुद्रच बघतात."

नाईकसाहेब हे ऐकत होते. म्हणाले, "बघा, समुद्र आपल्या एकाच अंगाला आहे. राशी चहूकडे आहेत."

मी नकाशाची घडी घातली.

*

तरीही चौकट टिकली असती. पण जमनाबाई आल्या.

जमनाबाई चिंचणीच्या. बोंबलांचा मोठा कारभार. त्यांना वाचता येत नव्हतं, पण रोज सकाळी नातीकडून 'आजचा समुद्र' वाचून घ्यायच्या आणि मगच बोंबील बांबूच्या वलांड्यांवर टांगायच्या. मला त्याचा फार अभिमान होता. मी कुणाशीही भांडताना जमनाबाईंचं नाव घ्यायचो. एवढी एक बाई माझ्या शब्दावर आपला माल उघड्यावर टाकते, अजून काय पुरावा हवा?

एका नोव्हेंबरात मी 'आकाश निरभ्र' लिहिलं आणि दुपारी पावसाची सर आली. छोटीशी. नाकावर शिंकल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी जमनाबाई रिक्षातून टोपल्या घेऊन उतरल्या. कचेरीभर दोऱ्या बांधल्या, टेलिफोनपासून कपाटापर्यंत, कपाटापासून केबिनच्या दारापर्यंत. त्यावर ओले बोंबील टांगले. सगळे पंखे सुरू केले. मग खुर्ची ओढून बसल्या.

"तुमच्या पेपरानं भिजवले, तुमच्याच पंख्यानं वाळवते," त्या म्हणाल्या. "लाईट जाऊ देऊ नका म्हंजे झालं."

नाईकसाहेब शाकाहारी. ते केबिनच्या खिडकीतून बाहेर पडले. बाहेरून डोकावून मला म्हणाले, "शास्त्रीबुवा सोमवारपासून येतायत."

*

शास्त्रीबुवा खरंच आले. अनंतशास्त्री, तलासरीच्या पलीकडून एसटीनं यायचे. सज्जन माणूस. काखेत पंचांग, हातात छत्री. मी त्यांच्याशी पहिल्याच दिवशी भांडलो. ते म्हणाले, ग्रहमान तुम्हाला अनुकूल नाही. म्हटलं, ते मला नाईकसाहेबांनी आधीच सांगितलंय.

मी इतका गोंधळ घातला, की नाईकसाहेबांनी तडजोड केली. आठवडाभर दोन चौकटी शेजारी शेजारी छापायच्या. माझी 'आजचा समुद्र', त्यांची 'आजचा दिवस'. ज्याच्या तक्रारी कमी, तो राहील. दुसऱ्याची चौकट कायमची बंद.

जागा लहान, त्यामुळे बुवांनी बारा राशींना मिळून एकच भविष्य द्यायचं ठरलं. मी म्हटलं, हे कसं चालेल? बुवा म्हणाले, "तुमचा समुद्र तरी कुठं प्रत्येकाला वेगळा आहे?"

आठवडा संपत आला तरी निकाल लागेना. जमनाबाई माझ्या बाजूनं बोलेनात आणि विरुद्धही बोलेनात. कचेरीतले सगळे बुवांकडे हात दाखवून घेऊ लागले होते. राऊतसुद्धा. उरला शेवटचा दिवस. मी पहाटे किनाऱ्यावर जाऊन वारा बघितला, ढग बघितले, रजेवरून परतलेल्या चुरीला बुडवून बाहेर काढला आणि आयुष्यातला सगळ्यात नेमका अंदाज लिहिला.

आता आमची पद्धत अशी, की मजकुराचं प्रूफ आधी निघायचं. चौकटींच्या डोक्यावरचे नावाचे ठोकळे, माझा लाटेच्या चित्राचा आणि बुवांचा सूर्याच्या चित्राचा, हरेशभाई सगळ्यात शेवटी बसवायचे. मी माझा मजकूर तपासला, बुवांनी त्यांचा. दोघंही समाधानानं घरी गेलो.

सकाळी पारनाक्यावर पेपर उघडला. ठोकळ्यांची अदलाबदल झाली होती.

सूर्याखाली, 'आजचा दिवस' म्हणून छापलं होतं: 'सकाळी शांत. दुपारनंतर खवळण्याची दाट शक्यता. लहान मुलांनी व वृद्धांनी जवळ जाऊ नये. सूर्यास्तानंतर ओसरेल.'

आणि लाटेखाली, 'आजचा समुद्र': 'वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्यावा. गोड बोलून काम साधेल. पांढरी वस्तू जवळ बाळगावी. पूर्वी दुरावलेले परत येतील.'

मी किनाऱ्यावर धावलो. पाहतो तर माणसं खिशात पांढरे रुमाल खोचून पाण्यात उतरत होती. एक बाई मुलाला सांगत होती, आधी आजोबांना विचार. आजोबा नको म्हणाले, मुलगा वाळूत बसला.

कचेरीत आलो, तर बुवा बाकावर पंचांग मिटून बसलेले. मी त्यांच्या शेजारी बसलो. तक्रारींची वाट बघत राहिलो.

स्टेशनवरचे बुकिंग क्लार्क आले. म्हणाले, कमाल झाली, आमचे साहेब सकाळी शांत होते, जेवणानंतर अस्से खवळले! पाठोपाठ मामलेदार कचेरीतला माणूस, त्याचंही तेच. शेजारच्या जोशीकाकू मुद्दाम सांगायला आल्या, की आज प्रथमच यांच्याबद्दल कुणीतरी खरं लिहिलं, आणि मी मुलांना जवळ जाऊ दिलं नाही.

मग जमनाबाई आल्या. मी उभाच राहिलो.

"नातीनं वाचलं, गोड बोला," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत त्या दर्याला शिव्याच दिल्या. आज गोड बोलले. बोंबील खडखडीत वाळले." त्यांनी एक जुडी नाईकसाहेबांच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या.

नाईकसाहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आले. पांढरा होता.

मी म्हटलं, साहेब, चूक हरेशभाईंची आहे, उद्या ठोकळे सरळ बसवतो, पण माझी चौकट बंद करू नका. बुवाही हात जोडून तेच म्हणाले.

"एकही तक्रार नाही," नाईकसाहेब म्हणाले. "पेपर सुरू झाल्यापासून असा दिवस नव्हता. ठोकळ्यांना कुणी हात लावायचा नाही. उद्यापासून समुद्र बुवा लिहितील, दिवस तुम्ही. खुर्च्या बदला."

बुवा उठले, पंचांग माझ्या हातात ठेवलं आणि माझ्या खुर्चीत बसले. मी त्यांच्या.

मग बुवांनी पेन उघडलं आणि हळूच माझ्याकडे वळून विचारलं, "अहो, समुद्र स्टेशनच्या कुठल्या अंगाला येतो?"