पायाळू कोण होतं

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो – कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि तुम्ही निदान मध्येच तोंड घालणार नाही.

मी अकोल्याचा वैद्य. कंबर, पाठ, गुडघे – एवढंच माझं काम. चाकू कधी हातात धरला नाही. निर्गुडीचा शेक, एरंडेल चोळणं, आणि पडून राहा. कापसाची तेजी आली आणि गाड्यांवर गठ्ठे चढवून चढवून अख्ख्या वऱ्हाडाची कंबर धरली. पण लोकांचा भरवसा शेकावर नव्हता. पायांकडून जन्मलेल्या माणसाने, म्हणजे पायाळूने, कमरेला पाय लावला की उसण जाते म्हणतात. एका हमालाने विचारलं, घरात कोणी पायाळू आहे का? मी म्हणालो, मीच.

का म्हणालो? घाईत होतो – छे, आता तरी खरं बोलावं. मला मोठेपणा हवा होता. पायाळू होती माझी धाकटी बहीण गोमती, तिवशाला दिलेली. हे जाणणारी आई केव्हाच गेली होती.

मग काय, आधी तासभर शेक द्यायचा, शेवटी ऐटीत पाय लावायचा. गुण शेकाचा, नाव पायाचं.

एकदा गोमती सासऱ्यांना घेऊन आली. त्यांची पाठ धरली होती. ओट्यावर पंधरा-वीस माणसं. मी पाय उचलला, तशी ती हसत म्हणाली, "पायाळू तर मी ना, दादा. तू कवापासून झाला?"

हसून सोडून देता आलं असतं – नाही का? पण सगळे माझ्याकडे बघत होते. मी सासऱ्यांना म्हणालो, "तिले लहानपणापासून खोटं बोलाची सवय हाये. तुमी मनावर नका घेऊ."

त्यानंतर सासरी तिचा शब्द कुणी खरा धरला नाही. मांजराने दूध सांडलं तरी 'खरं सांग' तिलाच. भाऊबीजेला ती पुन्हा आली नाही. मीही बोलावलं नाही. कोणत्या तोंडाने?

पाच वर्षांनी आज हे लिहिलं आणि खरंच मोकळं वाटलं. याचीच एक प्रत तिवशाला धाडली आहे. गोमतीला वाचता येत नाही; त्या घरात वाचणारे एकटे सासरेच. म्हणजे सासऱ्यांनाच ती मोठ्याने वाचावी लागेल, घरातल्या सगळ्यांसमोर.