ख्रेस्ती, म्हणजे कामाची

आमच्या थ्याटिरा शहरात दर दुसऱ्या घरात एक ख्रेस्ती असते. गुलामाला द्यायचं नाव आहे ते. ख्रेस्ती म्हणजे कामाची, उपयोगी पडणारी. बाप्या असला तर ख्रेस्तोस. बैलाला नाव ठेवावं तसं मालक ठेवून टाकतो. मी जिच्याबद्दल लिहिते आहे तिला मालकाने स्मिर्नाच्या बाजारातून आणली तेव्हा तिला आईबापांचं एक नाव होतंच, पण ते कुणी विचारलं नाही, आणि पुढे तीही विसरली. मालक रंगारी होता. मरताना तो तिला मोकळी करून गेला. तोवर तिचे केस पिकले होते आणि हात मंजिष्ठेने कोपरापर्यंत लाल झाले होते. तो लाल काही जात नाही. ती भाजी निवडायला बसली की परकं माणूस दचकायचं.

मोकळी झाली तरी काम तेच राहिलं. घरोघरी जायचं, बायकांनी कातलेल्या लोकरीच्या लडी गोळा करायच्या, रंगाऱ्यांच्या गल्लीत पोचवायच्या, रंगवून झाल्या की परत ज्याच्या त्याच्या घरी. त्यामुळे शहरातलं कुठलंही माजघर तिला बंद नव्हतं. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो.

ती आमच्यात कशी आली ते तिनेच मला सांगितलं. नदीवर लोकर धुताना दोन बायका हळू आवाजात बोलत होत्या, की ख्रिस्त असा आणि ख्रिस्त तसा. आता आमच्याकडे बोलताना ख्रिस्तोस काय आणि ख्रेस्तोस काय, कानाला सारखंच लागतं. मावशीने विचारलं, "कुणाचा गडी हा?" त्या हसल्या. म्हणाल्या, "गडी नव्हे गं, देव आहे."

"मला वाटलं, देवाचं नाव गुलामाचं?" मावशी मला म्हणाली. "म्हणजे यानेही कुणाच्या घरी पाणी भरलं असणार. म्हटलं, बघून तर येऊ."

आमच्या मागच्या खोलीत पहाटे प्रार्थना असते. पुढच्या बाजूला ह्यांचं चपलांचं दुकान, त्यामुळे कातड्याचा वास येतो, पण येणाऱ्याजाणाऱ्याचा कुणाला संशय येत नाही. मावशी आली ती भिंतीला टेकून उभी राहिली. त्या दिवशी नेमकं प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते सांगणं चाललं होतं. तिची खात्रीच पटली.

ही चूक बरेच दिवस कुणाच्या ध्यानात आली नाही. आली ती ग्लुकोनदादांच्या. ते आमच्या मंडळीचे सेवक. प्रभूच्या नावाने वाटायच्या घास-घोटाची, आजाऱ्यांची, विधवांची सगळी व्यवस्था तेच बघतात. शब्दाच्या बाबतीत फार काटेकोर माणूस. त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"मावशी, ख्रेस्तोस नाही. ख्रिस्तोस. कामाचा नव्हे, अभिषेक झालेला. तेल लावलेला."

"तेल लावलेला? पैलवानाला लावतात तसा?"

"राजाला लावायचे तसा."

"राजाचं माझ्याकडे काय काम?"

"अहो, पण चुकीच्या नावाने हाक मारली तर तो कसा येईल?"

"मला जन्मभर चुकीच्याच नावाने हाक मारली, दादा. मी आले की नाही?"

दादा हसले. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा तेच समजावलं, आणि तिने पुन्हा मान हलवली.

लोकांना वाटतं, आमच्यातले लोक चौकात उभे राहून उपदेश करीत असतील. उपदेश करायला अंगात त्राण लागतं. मावशीची टकळी हातात चालायची, तोंडात कधी नाही. एखादी विचारायची, "रंगाऱ्यांच्या पंगतीत तू नैवेद्याचं मटण का खात नाहीस गं?" मावशी म्हणायची, "तुला काय करायचंय?" पुन्हा विचारलं तर, "आपलं काम कर." तिसऱ्यांदा विचारलं की मात्र गाठोडं खाली ठेवायची, बसायची आणि सांगायची. मी एकदा म्हटलं, "पहिल्यांदाच का नाही सांगत?" तर म्हणाली, "एकदा विचारते तिला चौकशा हव्या असतात. दोनदा विचारते तिला चुगली करायची असते. तिसऱ्यांदा विचारणारीला रात्री झोप येत नसते."

एल्पिसने असंच तीनदा विचारलं. एल्पिस ही अत्तालोस रंगाऱ्याची गुलाम. तिचा मुलगा दूध तुटल्या तुटल्या विकला होता. मावशीने तिला आपल्या पद्धतीने सांगितलं, की असा असा एक देव आहे, नाव आपल्यातलं, काम आपल्यातलं, आणि मारला तोही आपल्यासारखाच, गुलामाला मारतात तसा खांबावर. पण तो वेळेला उपयोगी पडतो. एल्पिस म्हणाली, "बघेन." आमच्याकडे काही आली नाही.

त्या वर्षी भूकंप झाला. आमच्या गल्लीतल्या दोन भिंती पडल्या, देवळाचा एक खांब तडकला, आणि लोक म्हणायला लागले की देव कोपलेत ते या धूप न घालणाऱ्यांमुळे. मग रोजचंच झालं. ह्यांच्या दुकानात गिऱ्हाईक कमी झालं. पाणवठ्यावर माझा हंडा मागे सारला जायचा. भाजीवाली तोंड फिरवायची. एका दिवसाचं असतं तर माणूस छातीचा कोट करतो; रोज उठून तेच असलं की खांदे पडतात. मी प्रार्थनेला बसायची आणि मागायला काही सुचायचं नाही. नुसतं म्हणायची, प्रभो, आज हंडा भरू दे.

अशात एल्पिसने एक दिवस मालकाच्या देव्हाऱ्यात धूप घातला नाही. काही बोलली नाही, नुसती हात बाजूला घेऊन उभी राहिली. अत्तालोसने तिला बडवली. कुणी शिकवलं ते तिने सांगितलं नाही, पण त्याच्या माजघरात बाहेरची बाई येते कोण? त्याने कोतवालाकडे जाऊन तक्रार केली, की ख्रेस्ती ही ख्रिस्ती आहे.

लोकरबाजाराच्या पडवीत मावशीला उभं केलं. हे मला म्हणाले, "जाऊ नकोस." मी म्हटलं, "कांदे घेऊन येते." आणि गेले. कांदे खरंच संपले होते.

कोतवाल उकाड्याने हैराण होऊन बसला होता. शेजारी कारकून. अत्तालोस पुढे, आणि त्याच्या मागे त्याच्यावर छत्री धरून एल्पिस, ओठ सुजलेला. ग्लुकोनदादा खांबाआड होते.

"ख्रिस्ती आहेस का तू?" कोतवालाने विचारलं.

"हो," मावशी म्हणाली.

"नाव काय?"

"ख्रेस्ती."

कारकुनाला हसू फुटलं. "साहेब, घोटाळा आहे. अहो, ते नाव आहे तिचं. अत्तालोसशेठ, कान साफ करा."

लोक हसले. कोतवालाचाही जीव भांड्यात पडला असावा. असल्या प्रकरणात त्याला पेर्गामोनला रोमी प्रांताधिकाऱ्याकडे माणूस पाठवावा लागतो, सोबत पहारा द्यावा लागतो, आणि एवढं करून वरून ऐकून घ्यावं लागतं. तो म्हणाला, "अत्तालोस, माझ्या खेचरीचं नावही ख्रेस्तीच आहे. तिलाही आणतोस का? जा बाई, घरी जा."

मी डोळे मिटून देवाचे आभार मानले. मावशी खोटं बोललीच नव्हती. तिने हो म्हटलं होतं. त्यांना दुसरं ऐकू आलं, त्याला ती काय करणार? दादा खांबाआडून हाताने खुणावत होते, जा, जा. मावशीने गाठोडं उचललं. दोन पावलं टाकली. तेवढ्यात तिचं लक्ष एल्पिसकडे गेलं. एल्पिस तिच्याकडेच बघत होती. मग तिने मान खाली घातली.

मावशी थांबली.

"साहेब."

"आता काय?"

"नावाचा घोटाळा नाही. नाव मालकाने ठेवलंय, ते कामाचं. मी हो म्हटलं ते दुसरं." तिला शब्द सापडेना. लाल तळवा तिने आपल्याच डोक्यावर घासला. "ते तेलाचं. अभिषेकाचं. ख्रिस्त. येशू ख्रिस्त. मी त्याची आहे."

कारकुनाची लेखणी थांबली.

"म्हातारे," कोतवाल म्हणाला, "तुला घरी जायचं नाही का?"

"जायचंय साहेब. फार जायचंय. गुडघे दुखतात."

"मग जा की."

"असं नाही जाता येत."

त्याने धूपदान आणायला लावलं. तिने धूप उचलला नाही. मग काठ्यांनी मारून विचारलं, कुठल्या कुठल्या घरांत जाऊन हे सांगितलंस? ती म्हणाली, "लोकर कुठल्या घरात नाही?" त्यापुढे काही सांगितलं नाही. त्या मारात आणखी कितीतरी बायकांची नावं तिच्या ओठांवर असतील, त्यात पहिलं माझं असायला हवं होतं. मी कांदे पदरात घट्ट धरून उभी होते.

प्रांताधिकारी पेर्गामोनला येईपर्यंत तिला लोकरबाजारामागच्या कोठीत ठेवलं. तिथे कैद्याला सरकारचं अन्न नसतं, घरच्यांनी आणावं. मी मसूर, जवाची भाकरी आणि ऑलिव्ह न्यायची. पहारेकरी ऑलिव्ह काढून घ्यायचा, पण भाकरीला हात लावायचा नाही. एकदा तो बाजूला गेला तेव्हा मी विचारलं, "मावशी, का गं थांबलीस?"

"मला जायचंच होतं, अम्मिया," ती म्हणाली. "दादांची खूणही दिसली मला. पण त्या पोरीने मान खाली घातली. मी तिला सांगून बसले होते, हा देव वेळेला उपयोगी पडतो. आणि वेळ आली तर मीच..." मग एक घास गिळला. "मसूर खारट झालाय."

प्रांताधिकारी त्या साली आलाच नाही. कुणी म्हणे तापाने पडला, कुणी म्हणे एफेसातच राहिला. द्राक्षांची तोडणी सुरू झाली, कोठी टोपल्यांना हवी होती, कोतवालही बदलला. नव्या कोतवालाने विचारलं, ही कोण? कुणाला धड सांगता येईना. मावशीला सोडून दिलं. निकाल नाही, सुनावणी नाही. ज्याच्यासाठी एवढा मार खाल्ला ते तसंच अधांतरी राहिलं.

आणि दारं मात्र बंद झाली. रंगाऱ्यांनी तिला कामावरून काढलं, घरधन्यांनी बायकांना बजावलं. ती आमच्या मागच्या खोलीत येऊन राहिली. दिवसभर लोकर पिंजायची आणि खोकायची. कुणाच्या माजघरात आता तिला जाता येणार नव्हतं, हे तिला सगळ्यात लागलं, पण तसं ती बोलली नाही. ग्लुकोनदादा येईल त्याला कौतुकाने सांगायचे, की मावशीने भर पडवीत शब्द बरोबर उच्चारला. मावशी म्हणायची, "तेव्हा गरज होती, दादा." आणि प्रार्थनेत ख्रेस्तोसच म्हणायची.

थंडी पडायला लागली तेव्हा एक दिवस दुपारी एल्पिस आली. मालकाची चप्पल तुटली, ती शिवायला आणली होती. ह्यांच्याकडे चप्पल देऊन ती सरळ मागच्या खोलीत शिरली.

"मावशी, तुमच्यात यायला काय काय पाठ करावं लागतं ते सांग."

"घरी जा."

"नाही जात."

"मार खाशील."

"तो असाही खातेच."

"तुलाही विकतील. लांब कुठेतरी."

"मुलगा कुठे आहे ते ठाऊक नाही. मग मी इथे असले काय आणि लांब असले काय." एल्पिस जमिनीवर बसली. "तू वेडी आहेस, मावशी. तो घरी जा म्हणत होता. मी मनात म्हटलं, गेली, आता ही जाणारच, मीही गेले असते. माझ्याकडे बघून कुणी असला वेडेपणा आजवर केला नव्हता."

मावशीने पिंजायची लोकर मांडीवर ओढली. मग म्हणाली, "टेकून बस. पाठ दुखेल."

आणि प्रभूने शिकवलेली प्रार्थना तिने सांगायला घेतली. एक ओळ ती म्हणायची, एक एल्पिस. पुढे दुकानात हातोडी ठोकत होती. मध्येच मावशीची ओळ आलीच नाही. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता. मी उठवायला गेले, तर एल्पिसने मानेने नको म्हटलं. मावशीच्या मांडीवरची लोकर अलगद काढून घेतली आणि स्वतः पिंजायला लागली. चप्पल शिवून झाली. ह्यांनी आतून हाक यायची वाट पाहिली, मग दुसरी चप्पल हातात घेतली.

मावशी खोकत जागी झाली. "कुठवर आलो होतो?"

"रोजच्या भाकरीपर्यंत."

"हं. पुढे क्षमेचं आहे. ज्याने आपलं वाईट केलं त्याला आपण सोडून द्यायचं, तसं देवाने आपल्याला. अत्तालोस धरून."

एल्पिसचे हात थांबले. "ते आजच म्हणायला हवं?"

"मलाही अजून नीट म्हणता येत नाही. अडखळत म्हण. पण गाळू नकोस."

एल्पिसने लोकर खाली ठेवली. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. मावशीने घाई केली नाही.